हिरवा कंदील आणि खाणीतला पक्षी

इंग्रजी वाक्प्रचार मराठीत पुस्तकांतून आले असे आपण धरून चालतो. मला ते अर्धेच खरे वाटते. ज्या वाक्प्रचाराबरोबर त्यातली वस्तूही आली तो बोलण्यात रुजला, नुसता अर्थ घेऊन आलेला पाठांतरात राहिला. हे तपासायला वणी तालुक्यातले राजूर फार सोयीचे गाव आहे. कोळशाची खाण आणि चुन्याच्या भट्ट्या ही त्याची ओळख, आणि इंग्रजीत कोळशावरचे वाक्प्रचार भरपूर. वर्धा खोऱ्यातला कोळसा इंग्रज सरकारला हवा होता तो मुख्यतः रेल्वेसाठी. 1870च्या दशकात वरोऱ्याला सरकारी खाण आणि तिच्यासाठी वर्ध्याहून लोहमार्ग झाला. पुढे माजरीहून राजूरपर्यंत रूळ आले.

या गाडीने मराठीला काय दिले ते पाहा. एखाद्या कामाला आपण ‘हिरवा कंदील दाखवतो’. इंग्रजीत हिरवा दिवा ‘देतात’. आपला कंदील गार्डच्या हातातला, फलाटावर उभ्या माणसाला दिसणारा. कोशातून उतरवला असता तर दिवाच आला असता. ‘न्यूकॅसलला कोळसा नेणे’ याचे नेमके उलटे झाले. जिथे जे मुबलक, तिथेच ते वाहून नेण्याचा खटाटोप, असा त्याचा अर्थ. न्यूकॅसलचा कोळसा जहाजांनी लंडनला जाई, म्हणून सतराव्या शतकातल्या इंग्रजाला हा वाक्प्रचार समजावून सांगावा लागत नसे. आपली मुले मात्र ‘अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ म्हणून तो घोकतात. ‘राजूरला कोळसा नेणे’ म्हणा, वणीच्या बाजारात कुणीही विचारणार नाही की म्हणजे काय.

यावर कुणी विचारील, खाण तर राजुरात होती, मग धोक्याची पहिली खूण या अर्थाची ‘खाणीतली कॅनरी’ का रुजली नाही? खाणीतल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. लहान पक्ष्याचा श्वास जलद, त्यामुळे तो माणसाआधी कोसळतो. शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी सुचवलेली, पिंजऱ्यातली कॅनरी खाणीत नेण्याची ही पद्धत ब्रिटनमध्ये 1986पर्यंत चालली. भारतीय खाणकामात कॅनरीच्या जोडीला आपली मुनियाही होती. पण पिंजरा लागे तो आगीच्या आणि बचावाच्या प्रसंगी. रोज पाळीवर उतरणाऱ्याची सोबत दिव्याची. खाण असणे पुरत नाही, ती वस्तू रोज डोळ्यांपुढे असावी लागते.

‘हिमनगाचे टोक’ ही याहून बळकट हरकत आहे. हिमनग विदर्भात कुणी पाहिला? तरी शब्द चालतो, हे मान्य. पण तो अग्रलेखात चालतो. घरच्या भांडणात तोंडी येते ते ‘कोळसा उगाळावा तितका काळाच’, आणि तो कोळसा खाणीतला नव्हे, चुलीतला.