घास अडतो, शब्द अडतो : शेवटच्या आजारपणातील दोन अडचणी



आपल्यापैकी अनेकांचे आई-वडील आता नेदरलँड्समध्ये आपल्याजवळ राहतात, आणि आधी इथे आलेली मंडळी स्वतःच सत्तरीच्या पुढे गेली आहेत. म्हणून हा विषय यंदा घ्यायचाच असे आम्ही ठरवले. कॅन्सर, पार्किन्सन, डिमेन्शिया, पक्षाघात, आजार कोणताही असो, बरे होण्याची आशा संपल्यावर त्रास कमी करण्यासाठी जी सेवा दिली जाते, म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, तिच्यात गिळणे आणि बोलणे या दोन अडचणी फार वेळा येतात. दोन्हींसाठी इथे तज्ज्ञ एकच : लोगोपेडिस्ट.

लोगोपेडिस्टकडे २०११ पासून चिठ्ठीशिवायही जाता येते. घरी बोलवायचे असेल तर मात्र हाउसआर्ट्सची, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरांची चिठ्ठी लागते. खर्च मूळ विम्यातून मिळतो, पण तो आधी ‘आयखन रिसिको’मधून वजा होतो (२०२५ साली ही रक्कम ३८५ युरो होती).

गिळण्याबद्दल

जेवताना ठसका लागणे, जेवणानंतर आवाज ओलसर घोगरा होणे, घास गालातच साठून राहणे, पुन्हापुन्हा ताप आणि कफ होणे ही धोक्याची चिन्हे. अन्न किंवा पाणी श्वासनलिकेत गेले तर न्यूमोनिया होऊ शकतो. ताठ बसवून, लहान चमच्याने, टीव्ही बंद करून भरवावे. नंतर अर्धा तास आडवे करू नये.

अन्नाच्या घट्टपणासाठी आय.डी.डी.एस.आय. नावाची आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे, ० (पाणी) ते ७ (नेहमीचे जेवण). तिच्यात आपले पदार्थ अर्थातच नाहीत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आपल्याला वाटते आजाऱ्याला पातळ दिले की सोपे. प्रत्यक्षात साधे पाणीच सर्वात अवघड, कारण ते घशात फार वेगाने उतरते. आपला लाडका पातळ वरण-भातही तसाच फसवा : वरण पुढे निघून जाते, शिते तोंडात राहतात. त्यापेक्षा गुरगुट्या भात वरणातच घोटून एकजीव करावा. श्रीखंड, चाळणीतून गाळलेला आमरस, घोटलेली खिमट चालण्यासारखी असते. पोहे, चुरमुरे, कोरडी पोळी नको. पाणी-चहा दाट करायची पावडर मिळते, पण किती घालायची ते लोगोपेडिस्टलाच ठरवू द्यावे. फार दाट केले की माणूस पिणेच सोडतो.

गोळ्या विचारल्याशिवाय कुटू नयेत. काही गोळ्यांतले औषध हळूहळू सुटायचे असते, कुटली की सगळा डोस एकदम जातो. पातळ औषध, पॅच किंवा त्वचेखाली पंप यांपैकी काय चालेल ते फार्मसीत विचारावे.

बोलण्याबद्दल

आजार वाढला की नंतर शिकलेली भाषा आधी विसरली जाऊ शकते. वीस-तीस वर्षे डच बोललेले काकाही मराठीवर येतात, आणि पुष्कळ आजी तर मुळात मराठीच बोलणाऱ्या. २०१२ साली सरकारने दुभाष्याचा खर्च देणे थांबवले. त्यामुळे बहुतेक वेळा मुलगा किंवा सूनच दुभाषी होते, आणि ‘हे आईला सांगू नका’ म्हणणारेही तेच असतात! इथले डॉक्टर मात्र रुग्णाशीच थेट बोलतात. आजाराची माहिती मिळणे हा रुग्णाचा कायदेशीर हक्क आहे.

आमच्यापैकी एकाच्या वडिलांचे दुखणे दोन दिवस नीट कळलेच नाही. परिचारिका ‘दुखतंय का?’ असे खुणेने विचारी, ते आपल्या पद्धतीने मान डोलवत, आणि ती त्याला ‘नाही’ समजे. म्हणून पलंगापाशी कागद लावावा : होकाराला मान कशी हलते, नकाराला कशी. शिवाय पाच-सहा शब्द रोमन लिपीत, शेजारी डच अर्थ : दुखतंय म्हणजे पेइन, तहान म्हणजे दॉर्स्ट, धाप म्हणजे बेनाउट.

वाचा गेली पण समज शाबूत असेल तर अक्षरांचा तक्ता उपयोगी पडतो. आपली वर्णमाला ओळींत मांडलेलीच आहे. आधी ‘क ची ओळ? च ची? ट ची?’ विचारावे, मग ओळीतले अक्षर. काना-मात्रा सोडून दिल्या तरी शब्द ओळखता येतो. प्रश्न एका वेळी एकच, आणि उत्तरासाठी मनात दहा अंक मोजावेत.

शेवटचे दिवस

‘खाणं बंद आहे, मग सलाईन का लावत नाही?’ हा आपल्याकडचा पहिला प्रश्न. घरून फोनवर हेच विचारतात आणि आपल्याला अपराधी वाटते. शरीर मिटत चालले असताना भूक-तहान मंदावते. वरून दिलेले पाणी मग अंगावर सूज आणि छातीत घरघर वाढवू शकते. म्हणून इथले डॉक्टर ते सहसा टाळतात. आम्हाला हे पटायला वेळ लागला. खाणे थांबले म्हणून माणूस जात नसतो, जायची वेळ आली म्हणून खाणे थांबते. तोंड कोरडे पडू देऊ नये एवढे आपल्या हातात असते. ओल्या स्पंजने किंवा गॉझने ओठ, जीभ वरचेवर ओली करावी.

गंगाजल आणि तुळशीपत्राचेही तसेच. गिळता येत नसेल तर चमचाभर गंगाजलही ठसका लावू शकते. तोच स्पंज गंगाजलात बुडवून, पिळून ओठांवरून फिरवावा, तुळशीचे पान तोंडात न घालता ओठांवर ठेवावे. हॉस्पिसमध्ये किंवा घरी येणाऱ्या परिचारिकेला हे आधीच सांगून ठेवावे, म्हणजे ऐनवेळी कोणी अडवणार नाही आणि रात्रपाळीच्या बाईंनाही ती बाटली कशाची आहे ते ठाऊक असेल.