मालक बदलला, म्हणून नोकरी संपत नाही

सीबीडी बेलापूरच्या सेक्टर ११ किंवा १५ मधली एखादी कंपनी विकली गेली, की खालच्या चहाच्या टपरीवर पहिले वाक्य ऐकू येते : ‘नवीन मॅनेजमेंट आलंय, आता आपली माणसं आणणार.’ पाठोपाठ दुसरे : ‘प्रायव्हेट आहे, करणार काय?’ काही आठवड्यांत जुन्यांपैकी काहींना केबिनमध्ये बोलावून राजीनाम्याचा छापील कागद पुढे केला जातो आणि बहुतेक जण सही करतात. एचआरवाले, सहकारी, घरचे, सगळेच ते रीतसर मानतात. माझ्या मते ही समजूत कायद्याने चुकीची आहे आणि तिची किंमत नोकरदार विनाकारण मोजत आले आहेत.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडू. एक : ज्याने पैसा लावला, त्याला आपली माणसे निवडू द्यावीत. तोट्यातली कंपनी घेऊन जुनाच कारभार चालवायचा असेल, तर ती कोण घेईल? दोन : नेमणूकपत्रातच एका महिन्याच्या नोटिशीची अट असते. ती मान्य करून सही केल्यावर तक्रार कसली? तीन : कामगार कायदे कारखान्यातल्यांसाठी आहेत, वातानुकूलित कार्यालयात संगणकासमोर बसणाऱ्यांसाठी नाहीत.

पहिल्या मुद्द्यात मालक कोण, याचाच घोटाळा आहे. कंपनीचे शेअर एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेले किंवा संचालक मंडळ बदलले, तरी नोकरी देणारी कंपनी तीच राहते. कंपनी ही भागधारकांहून वेगळी कायदेशीर व्यक्ती आहे, हे इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने सॉलोमन खटल्यात १८९७ मध्येच ठरवले आणि आपला कंपनी कायदा त्याच पायावर उभा आहे. म्हणजे ‘मॅनेजमेंट बदलले’ असे आपण म्हणतो, त्यातल्या पुष्कळ प्रसंगी कायद्याच्या दृष्टीने मालक बदललेलाच नसतो. कालच्या कराराला जी कंपनी बांधील होती, तीच आजही बांधील असते.

कंपनीऐवजी उद्योगच दुसऱ्याला विकला, तर मात्र मालक खरोखर बदलतो. त्या प्रसंगाचा कायदा ज्या वादातून घडला, तो महाराष्ट्रातलाच आहे. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर या पट्ट्यात धावणारी बार्शी लाइट रेल्वे ही खासगी कंपनीची होती. १ जानेवारी १९५४ रोजी ती सरकारने ताब्यात घेतली. कंपनीने नोकरांना आधीच सेवासमाप्तीच्या नोटिसा दिल्या होत्या. बहुतेकांना सरकारी रेल्वेने पुन्हा घेतले, पण काहींना कमी वेतनश्रेणीवर. छाटणीची भरपाई मिळावी म्हणून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २७ नोव्हेंबर १९५६ रोजी हरिप्रसाद शुक्ल विरुद्ध दिवेलकर या खटल्यात नोकर हरले. उद्योग चालू असताना जादा ठरलेल्यांना काढणे म्हणजे छाटणी. उद्योग प्रामाणिकपणे बंद झाला किंवा दुसऱ्याच्या हाती गेला, तर ती छाटणी नव्हे, असा निर्णय झाला.

आजचा पूर्वपक्ष तिथेच थांबला आहे. संसद थांबली नाही. १९५७ मध्ये आधी वटहुकूम निघाला, मग दुरुस्ती कायदा झाला आणि तो लागू धरला गेला २८ नोव्हेंबर १९५६ पासून, म्हणजे निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून. औद्योगिक विवाद कायद्यात त्यामुळे नव्या रूपात आलेले २५ एफएफ हे कलम सांगत होते की मालकी हस्तांतरित झाल्यास किमान वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराला छाटणीप्रमाणेच नोटीस आणि भरपाई मिळेल. ती टाळायची असेल, तर तीन अटी एकत्र पाळाव्या लागतात : हस्तांतरामुळे सेवेत खंड पडू नये, नव्या मालकाकडच्या सेवाशर्ती आधीपेक्षा कमी नसाव्यात, आणि पुढे कधी छाटणी झालीच तर जुनी सेवा धरून भरपाई देण्यास नवा मालक बांधील असावा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत जुना कायदा विलीन झाला, पण हस्तांतराची ही तरतूद तिनेही ठेवली आहे. जिचे मुख्यालय याच सीबीडीत, बेलापूर भवनात आहे, त्या कोकण रेल्वेच्या भारतीय रेल्वेतील विलीनीकरणाला महाराष्ट्राने २०२५ मध्ये संमती दिली. तिथल्या कर्मचाऱ्यांनी बार्शीचा हा इतिहास वाचून ठेवावा.

दुसरा मुद्दा नोटिशीच्या अटीचा. औद्योगिक न्यायाधिकरण केवळ करारातल्या अक्षराला बांधलेले नाही, ते काढलेल्या कामगाराला परत कामावर घेण्याचा आदेश देऊ शकते, हे फेडरल कोर्टाने १९४९ मध्ये मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनच्या खटल्यात ठरवले. आदेशाची भाषा ‘सेवा संपुष्टात आणत आहोत’ इतकी साधी असली, तरी पडद्याआड सूड किंवा बनाव आहे का, हे न्यायाधिकरणाने तपासावे, असे सर्वोच्च न्यायालयाने जॉन्स्टन पंप्स खटल्यात १९७५ मध्ये सांगितले. महाराष्ट्राने तर १९७१ च्या कायद्यात अनुचित कामगार प्रथांची यादीच दिली. सूडबुद्धीने काढणे, अधिकाराचा दिखाऊ वापर करणे, उघड खोटे कारण देणे, गैरहजेरीचा बनाव रचणे, नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवून घाई करणे, हे सगळे तिच्यात आहे. केंद्राच्या कायद्यात अशी यादी १९८२ च्या दुरुस्तीने आली. नवे मॅनेजमेंट आल्यावर वर्षानुवर्षे चांगला शेरा मिळवणारा माणूस एका तिमाहीत ‘परफॉर्मन्स’मध्ये नापास होतो, तेव्हा ही यादी काढून बघावी.

तिसरा मुद्दा कार्यालयाचा. कायद्याची व्याख्या कामाचे स्वरूप बघते. लेखनिकाचे, तांत्रिक, कुशल काम करणारा कामगारच असतो, मग त्याच्या खुर्चीला चाके असोत. मुंबईच्या सिबा-गायगी खटल्यात १९८५ साली प्रश्न ‘ग्रुप लीडर’ या पदाचा होता. माणसाचे मुख्य काम काय ते बघा, हुद्द्याच्या नावाला भुलू नका, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले. आजच्या अनेक ‘टीम लीडर’ आणि ‘असिस्टंट मॅनेजर’ मंडळींना तोच निकष लागतो. युनियन नसली तरी एकट्याला दाद मागता येते, ही सोय १९६५ पासून आहे. नव्या संहितेने छाटणीच्या सरकारी परवानगीची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर नेली, त्यावर मोठी चर्चा झाली. पण ती परवानगी कारखाने, खाणी आणि मळ्यांसाठी आहे. सीबीडीतल्या कार्यालयांना ती आधीही लागू नव्हती. त्यांना लागू होते ते साधे बंधन : एक महिन्याची नोटीस किंवा पगार, प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांची सरासरी मजुरी, आणि शेवटी आलेला आधी जाणार हा क्रम. ‘आपली माणसे’ आणण्यासाठी जुन्यांना काढणे या क्रमाच्या थेट विरुद्ध जाते. शिवाय छाटणीनंतर वर्षभरात पुन्हा भरती केली, तर काढलेल्यांना आधी विचारावे लागते.

पूर्वपक्षात तथ्य आहे, तेही मान्य केले पाहिजे. कामाची फेररचना करण्याचा, खरोखर जादा झालेली पदे कमी करण्याचा अधिकार मालकाला आहे. कायदा त्याला किंमत आणि रीत लावतो, मनाई करत नाही. व्यवस्थापकीय पदावरच्यांना आणि दरमहा १८,००० रुपयांहून अधिक पगाराच्या पर्यवेक्षकांना हे छत्र नाही. त्यांना दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाई मागता येते, नोकरी परत मिळणे जवळपास अशक्य. सर्वांत उघडे पडतात ते सुरक्षारक्षक आणि सफाई कर्मचारी. कंत्राटदार बदलला, की तीच इमारत आणि तोच झाडू असूनही नवा कंत्राटदार त्यांना ठेवायला बांधील नसतो. ही कायद्यातली खरी उणीव आहे आणि ती दूर व्हायला हवी.

पण ज्यांना हे छत्र आहे, तेही ते स्वतःच्या सहीने मिटतात. राजीनामा दिला की छाटणीचा प्रश्नच उरत नाही. भरपाई आणि दाद मागण्याचा आधार जातो, आणि दबाव होता हे सिद्ध करण्याचे ओझे आपल्याच डोक्यावर येते. म्हणून केबिनमध्ये बोलावले, तर कागद घरी नेऊन वाचू, असे सांगावे. काढायचे असेल तर कारणासह लेखी मागावे. नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, मूल्यांकनाचे शेरे जपून ठेवावेत. नव्या संहितेनुसार काढल्यापासून दोन वर्षांच्या आत न्यायाधिकरणाकडे जाता येते. मालक बदलला हे भरपाईशिवाय नोकरी जाण्याचे कारण होऊ शकत नाही. दुसरे कारण असेल, तर ते दाखवण्याची जबाबदारी काढणाऱ्याची आहे. ती राजीनामा देऊन आपण होऊन माफ करू नका.