मुतखडा फोडणाऱ्या लहरींची कथा



माझ्या अब्बांच्या कुशीवर वीतभर लांबीचा व्रण आहे. माझ्या जन्मापूर्वी शस्त्रक्रिया करून त्यांचा मुतखडा काढला, त्याची ती खूण. त्या व्रणामुळे आमच्या घरात मुतखड्याचे नाव निघाले तरी धडकी भरते. अशा भीतीपायी पुष्कळजण दुखणे अंगावर काढतात. म्हणून हा इतिहास आपणांपुढे मांडतो.

मुतखडा हा माणसाचा जुना वैरी. आपल्या देशात सुश्रुताने त्यावरील शस्त्रक्रिया वर्णिली आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी स्पेनमधील कुर्तुब्याचे शल्यविशारद अबुल कासिम अल्‌-जहरावी यांनी मूत्रमार्गात अडकलेला खडा बारीक गिरमिटाने फोडण्याची रीत लिहून ठेवली. १८२४ साली पॅरिसमध्ये सिव्हियाल यांनी मूत्रमार्गातून हत्यार घालून मूत्राशयातील खडा फोडला. मूत्रपिंडातील खड्यासाठी मात्र दीर्घकाळ सुरीच चालवावी लागे.

नवा मार्ग सापडला तो विमानाच्या कारखान्यात! ध्वनीहून वेगवान विमानावर पावसाचे थेंब आदळले तर काय होते, याचा अभ्यास जर्मनीतील डॉर्निए कंपनी करीत होती. त्यातून आघातलहरींचे, म्हणजेच शॉक वेव्हचे, ज्ञान वाढले. हा विजेचा झटका नव्हे. ही दाबाची लहर होय. म्युनिकचे डॉ. ख्रिश्चन शॉसी व त्यांचे सहकारी यांनी ७ फेब्रुवारी १९८० रोजी पहिल्या रुग्णावर हा उपचार केला.

युक्ती तुमच्या भूमितीतलीच आहे. लंबवर्तुळाच्या एका नाभीतून निघालेली लहर परावर्तित होऊन दुसऱ्या नाभीत एकवटते. रुग्णाला पाण्याच्या टबात ठेवून एका नाभीशी ठिणगी पाडीत आणि दुसऱ्या नाभीवर खडा आणीत. मऊ मांस पाण्यासारखेच असल्याने लहर त्यातून पार होई व कठीण खड्यावर आपटे. मग खड्याचा चुरा लघवीवाटे पडून जाई.

पुढे टब गेला. पाण्याची उशी आणि जेल आले. कित्येक ठिकाणी मिनिटाला १२० आघात देऊ लागले. परंतु २००० नंतरच्या अभ्यासांत दिसले, की मिनिटाला ६० आघातांनी खडा अधिक चांगला फुटतो! घाई केली, तर आधीच्या आघाताचे बुडबुडे विरत नाहीत आणि पुढच्या लहरीचा जोर खातात. प्रारंभ सौम्य आघातांनी केल्यास मूत्रपिंडालाही इजा कमी होते. जेलमध्ये हवा राहिली, तर लहर वाटेतच अडते. त्याहून सौम्य लहरींचे झोत देण्याच्या नव्या पद्धतीचे माणसांवरील पहिले निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले.

हा उपचार सर्वांना चालत नाही. फार मोठा खडा, गर्भारपण किंवा रक्त न गोठण्याचा विकार असल्यास डॉक्टर दुसरा मार्ग सुचवतात. पण तो निर्णय त्यांच्याकडे वेळेवर गेल्यानेच होतो. तेव्हा पालकहो, कळ आली तर व्रणाच्या भीतीने घरी बसू नका. आणि विद्यार्थी मित्रांनो, लंबवर्तुळाचा धडा रटाळ वाटला, तर पाण्याच्या टबातला तो रुग्ण आठवा. दगड फुटला तो जोराने नव्हे, नेम आणि सबुरी यांनी.