चंपी, शाम्पू आणि शिकेकाई

शाम्पू हा शब्द विलायती वाटतो ना? तो इकडूनच तिकडे गेला. हिंदीत चांपना म्हणजे दाबणे, चोळणे. चंपी त्यातलीच, आणि इंग्रजीतला शाम्पूही.

पाटण्याला १७५९ साली जन्मलेल्या शेख दीन मुहम्मद यांनी इंग्लंडात ब्रायटनच्या समुद्रकाठी स्नानगृह काढले. गिऱ्हाईक वनस्पतींच्या वाफेत बसायचे, मग कापडी तंबूच्या फटीतून हात घालून त्याचे अंग चोळायचे. यालाच ते शाम्पू म्हणत. १८२२ साली त्यावर पुस्तकही लिहिले. खुद्द राजाने त्यांना नेमणूक दिली. केस धुणे हा अर्थ त्या शब्दाला पुढे चिकटला.

इकडे केस धुवायला शिकेकाई आणि रिठा. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन असते, म्हणून फेस येतो. शेंगा वाळवा, कुटा, चाळा, पाणी तापवा. दिवाळी आली की नागरमोथा, वाळा, कचोरा, आंबेहळद कुटून उटणे करा. नरकचतुर्दशीला पहाटे घरातल्या सगळ्यांना तेल-उटणे लावून न्हाऊ घालणारी बाई स्वतः न्हायची सगळ्यांत शेवटी, तेही घाईघाईत. निवांत अंघोळ तिच्या वाट्याला कुठली!

आज बचत गट तेच उटणे विकतात. दर ठरवताना नागरमोथ्याचा, पिशवीचा हिशेब होतो, पण कुटण्या-चाळण्याची मजुरी पुष्कळदा धरलीच जात नाही. ब्रायटनला चोळणाऱ्या हातांचेही पैसे मोजावे लागत. म्हणून यंदा आम्ही वहीत मजुरीचा रकाना आधी आखलाय, मालाचा नंतर.