टायबरकाठचा पाळणा

'इस्पितळ' हा शब्द आपल्या मराठीत पोर्तुगीजांच्या गलबतातून आला. त्याचे मूळ शोधीत गेले म्हणजे 'होस्पेस' हा लॅटिन शब्द सापडतो. त्याचा अर्थ पाहुणा. आणि गंमत अशी की, पाहुण्याचे आगतस्वागत करणारा यजमान हाही त्याचाच अर्थ! म्हणजे इस्पितळ हे मुळात पाहुणघर. आज औषधांच्या वासाने ज्या वास्तूची आठवण होते, तिचा जन्म थकल्याभागल्या वाटसरूला पाठ टेकायला जागा द्यावी, या साध्या माणुसकीतून झाला आहे. दिवाळीच्या या दिवसांत, घरोघर पाहुणे आले असता, अशाच एका जुन्या पाहुणघराची हकीकत वाचकांना सांगावीशी वाटते.

रोम शहरात टायबर नदीच्या काठी, सेंट पीटरच्या मंदिरापासून हाकेच्या अंतरावर, 'सांतो स्पिरितो इन साशिया' नावाचे इस्पितळ आहे. आठव्या शतकात इंग्लंडातील वेसेक्सचा राजा ईनी याने राज्यत्याग करून रोमची वाट धरली, आणि आपल्या सॅक्सन यात्रेकरूंसाठी येथे उतारशाळा बांधली, अशी परंपरा आहे. 'साशिया' या नावात त्या सॅक्सनांची खूण अजून उरली आहे. महिनोन् महिने पायपीट करून आलेला यात्रेकरू देवाच्या दारी पोहोचे तो बहुधा तापाने फणफणलेला, पायांना फोड आलेला आणि कनवटीला दमडी नसलेला. वारीची वाट पाहिलेल्या आपल्या लोकांना हे चित्र वेगळे समजावून सांगायला नको.

पुढे ती उतारशाळा ओस पडली. त्या जागी खरे इस्पितळ उभे केले ते तिसरा इनोसंट या पोपने. तो 1198 साली गादीवर आला. फ्रान्समध्ये माँपेलिये येथे गी नावाच्या एका सत्पुरुषाने रुग्णसेवेचा पंथ काढला होता. त्याला पोपने रोमला बोलावून घेतले आणि हे काम त्याच्या हाती सोपवले. या पंथाच्या नियमावलीतील एक कलम मला फार मोलाचे वाटते. आठवड्यातून एक दिवस सेवकांनी रस्तोरस्ती हिंडून आजारी गरिबांना शोधावे आणि उचलून घरी आणावे, असे ते कलम आहे. रोगी दाराशी येईल तेव्हा पाहू, असे नव्हे. यजमानानेच पाहुण्याला हुडकीत जायचे!

या इस्पितळाची आणखी एक आख्यायिका आहे. टायबरच्या कोळ्यांनी जाळी ओढली, तो त्यांत माशांऐवजी तान्ह्या मुलांची प्रेते आली. लोकलाजेने आणि दारिद्र्याने गांजलेल्या आयांनी ती नदीत सोडली होती. कोळ्यांनी ते जाळे पोपपुढे नेऊन ठेवले, आणि त्या दर्शनाने हादरून त्याने इस्पितळात अनाथ अर्भकांसाठी सोय केली. कथा अक्षरशः खरी असो वा नसो, इस्पितळाच्या भिंतींवर ती रंगवलेली आहे, आणि रस्त्याकडच्या भिंतीत बसवलेले ते 'चाक' आजही तेथे पाहायला मिळते. चाक म्हणजे गोल फिरणारे लाकडी पिंप. आईने बाहेरून त्यात मूल ठेवावे, पिंप फिरवावे आणि अंधारात निघून जावे. आत मूल पोहोचे. आईचे तोंड कोणाला दिसत नसे.

त्या पाळण्यात पडलेली सगळी मुले वाचली असे मात्र समजू नये. दाया कमी, दूध अपुरे आणि रोगराई भरपूर. फार मोठ्या संख्येने ती पहिल्या वर्षातच दगावत. तरीही नदी आणि पाळणा यांत जे अंतर आहे ते आहेच. 1863 साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले, तेव्हा फसलेल्या विधवांपुढे हाच प्रश्न होता. देश निराळा, धर्म निराळा. आईची लाज आणि मुलाचा जीव यांची ओढाताण तीच.

1471 साली इस्पितळ आगीत सापडले. 1475 हे रोमच्या महायात्रेचे वर्ष होते; तेव्हा चौथ्या सिक्स्टस पोपने इमारत नव्याने बांधायला घेतली. सुमारे 120 मीटर लांबीचे ते दालन, मधोमध घुमट आणि त्याखाली वेदी. हेतू असा की, खाटेवर पडल्या पडल्या रोग्याला पूजा दिसावी. पण पुण्याईची भिंत तलवारीला अडवीत नाही. मे 1527 मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सचे बेबंद सैन्य रोममध्ये घुसले, आणि त्या सैनिकांनी या इस्पितळातील रोग्यांचीही कत्तल केली. पाहुणघराच्या इतिहासातला हा सर्वांत काळा दिवस.

तरी दार पुन्हा उघडले. 1605 साली पाचव्या पॉल पोपने इस्पितळाच्या मालमत्तेच्या हमीवर 'बांको दि सांतो स्पिरितो' ही पेढी काढली. रोमभोवतीच्या दलदलीमुळे तापकरी रोग्यांची येथे रीघ असे. 'मलेरिया' हा शब्दच इटालियन. अर्थ दूषित हवा. येथे काम केलेल्या लान्चिसी या वैद्याने 1717 साली दलदल आणि ताप यांच्या संबंधावर ग्रंथ लिहिला. 1882 साली फ्रेंच डॉक्टर लाव्हरान आपण शोधलेला हिवतापाचा जंतू रोमच्या रोग्यांतही आहे का, हे पाहायला येथेच आला. आणि तो त्याला दिसला. ऑगस्ट 1897 मध्ये आपल्या सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसने डासाच्या पोटात तो जंतू पाहिला. पुढच्याच वर्षी सांतो स्पिरितोत ग्रासी, बिन्यामी आणि बास्तियानेल्ली यांनी एका रोग्याला त्याच्या संमतीने अ‍ॅनोफिलीस डास चावू दिले, त्याला ताप आला, आणि हिवताप माणसाला डासच देतो हे सिद्ध झाले. त्या रोग्याला कोयनेल देऊन बरे करण्यात आले. शोधांच्या यादीत डॉक्टरांची नावे मोठ्या अक्षरांत असतात. पण हात पुढे करणाऱ्या त्या गरीब माणसाचे ऋण आपल्या घरातल्या प्रत्येक मच्छरदाणीवर आहे.

1870 साली रोम इटलीच्या राज्यात सामील झाले, आणि पुढे इस्पितळाचा कारभार धर्मपीठाकडून सरकारी व्यवस्थेकडे गेला. आज तेथे सार्वजनिक रुग्णालय चालते. खाटा बदलल्या, औषधे बदलली, चाक फिरायचे कधीच थांबले. पण त्या नियमावलीतला एक दिवस मनातून जात नाही. दिवाळीत आपण दारात पणती लावतो, ती येणाऱ्याला वाट दिसावी म्हणून. ज्याला दारापर्यंत चालत येणेच शक्य नाही, त्याच्याकडे पणती घेऊन कोणीतरी जायला हवे. आठशे वर्षांपूर्वी टायबरकाठच्या माणसांनी त्यासाठी आठवड्यातला एक दिवस राखून ठेवला होता. आपण वर्षातला एक राखला, तरी पुष्कळ.