'वेदना' : एका शब्दाचा अर्थसंकोच

दवाखान्यात गेलेल्या रुग्णास डॉक्टर विचारतात, "वेदना कोठे होतात?" या प्रश्नातील 'वेदना' म्हणजे दुखणे, यावाचून दुसरा अर्थ मराठी माणसाच्या मनात येत नाही. 'प्रसूतिवेदना', 'वेदनाशामक औषध', 'असह्य वेदना' हे आपले नित्याचे शब्दप्रयोग आहेत. हाच मनुष्य विहारात सतिपट्ठानाचे विवेचन वाचू लागतो आणि कायानुपस्सनेनंतर 'वेदनानुपस्सना' या शब्दापाशी येतो, तेव्हा येथे दुखण्याचे निरीक्षण करावयास सांगितले आहे, अशी त्याची समजूत होते. पाच खंधांपैकी दुसरा खंध 'वेदना' होय, असे वाचल्यावर तर मनुष्याच्या घडणीतच दुखणे कालवलेले आहे, असा त्याचा ग्रह होतो. धम्म निराशावादी आहे, या जुन्या आक्षेपाला अशा वाचनाने नकळत बळ मिळते. यास्तव या शब्दाचा इतिहास तपासणे अगत्याचे आहे.

'वेदना' हा शब्द 'विद्' म्हणजे जाणणे या धातूपासून झाला आहे. 'विद्या', 'निवेदन', 'संवेदना' हे त्याचेच सगोत्र शब्द होत. मज्झिमनिकायातील महावेदल्ल सुत्तात महाकोट्ठित हे सारिपुत्तांना विचारतात की, वेदनेला वेदना का म्हणतात? सारिपुत्तांच्या उत्तराचा आशय असा की, ती अनुभवते म्हणून ती वेदना. सुखही अनुभवते, दुःखही अनुभवते आणि सुख नव्हे व दुःखही नव्हे असेही अनुभवते. म्हणजे मूळ पाली अर्थाने वेदना ही अनुभूती आहे. तिचे तीन प्रकार : सुखा, दुक्खा आणि अदुक्खमसुखा. आजच्या मराठीत 'सुखाची वेदना' हा वदतोव्याघात वाटेल. पालीत मात्र 'सुखा वेदना' हा अगदी सरळ प्रयोग आहे.

या प्रश्नाची चर्चा केवळ भिक्खूंपुरती मर्यादित नव्हती. बहुवेदनिय सुत्तात पञ्चकङ्ग नावाचा सुतार उदायी स्थविरांशी वाद घालतो. उदायी म्हणतात, वेदना तीन. पञ्चकङ्ग म्हणतो, दोनच. हा वाद तथागतांच्या कानी जातो, तेव्हा ते दोघांपैकी कोणासही खोटे ठरवीत नाहीत. दृष्टिभेदाने वेदना दोन, तीन, पाच, सहा, अठरा, छत्तीस किंवा एकशे आठही सांगता येतात, असे ते स्पष्ट करतात. चूळवेदल्ल सुत्तात धम्मदिन्ना भिक्खुणी विसाख उपासकास समजावून सांगते की, सुखद वेदना टिकते तोवर सुख देते व पालटली की दुःख देते. दुःखद वेदनेचे याच्या उलट. एक सुतार आणि एक भिक्खुणी ज्या शब्दाची इतकी बारीक चिकित्सा करतात, तो शब्द निव्वळ कण्हण्याचा असणे शक्य नाही.

मग अर्थ आकुंचित कसा झाला? त्याची बीजे पालीतच आढळतात. महापरिनिब्बान सुत्तात बेलुव गावी वर्षावासात तथागत आजारी पडतात, त्या प्रसंगी तीव्र, मरणप्राय 'वेदनां'चा उल्लेख येतो. रुग्णाविषयी बोलताना दुःखद वेदनाच अभिप्रेत असते, म्हणून विशेषण हळूहळू अनावश्यक होत गेले. आयुर्वेदाच्या संहितांत हा प्रवास पुढे गेलेला दिसतो. चरकसंहितेच्या शारीरस्थानात स्पर्श हा सुखरूप व दुःखरूप अशा दोन्ही वेदनांचा प्रवर्तक म्हटला आहे. तेथे जुना व्यापक अर्थ जिवंत आहे, आणि स्पर्शातून वेदना हा क्रमही पटिच्चसमुप्पादाच्या अभ्यासकास ओळखीचा वाटेल. सुश्रुतसंहितेत मात्र व्रणाच्या वेदना सांगताना टोचणे, फुटणे, ठोकणे असे ठणक्याचेच प्रकार मोजले आहेत. शल्यवैद्याला सुखाशी काय कर्तव्य? मराठीला वारशाने मिळाला तो हा दुसरा अर्थ. पहिला अर्थ 'संवेदना' या शब्दात शिल्लक राहिला.

शल्याचा दृष्टान्त तथागतांनीही दिला आहे. संयुत्तनिकायाच्या वेदनासंयुत्तातील सल्ल सुत्तात ते सांगतात की, अज्ञ मनुष्यास एक बाण लागतो आणि पाठोपाठ दुसरा लागतो. पहिला बाण शरीराच्या दुखण्याचा, दुसरा मनाच्या शोकाचा. ज्ञानी श्रावकास पहिला लागतो, दुसरा लागत नाही. दुखणे आणि दुखण्याने खचणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे वेदनेचा व्यापक अर्थ ध्यानात घेतल्यावाचून कळत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. याच संयुत्तात सीवक सुत्त आहे. राजगृहाच्या वेळुवनात मोळियसीवक नावाचा परिव्राजक विचारतो : मनुष्य जे जे सुख, दुःख वा तटस्थ अनुभवतो ते सारे पूर्वकृत कर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात; आपले मत काय? तथागत वेदनेची आठ कारणे सांगतात : पित्त, कफ, वात, तिन्हींचा सन्निपात, ऋतुपालट, विषम वागणूक, आघात आणि कर्मविपाक. पहिल्या सात कारणांनी वेदना होतात हे स्वानुभवाने कळते व लोकमान्यही आहे. म्हणून 'सारे पूर्वकर्मामुळेच' म्हणणारे स्वानुभवाच्याही पलीकडे जातात व लोकांना ठाऊक असलेल्या सत्याच्याही. त्यांचे म्हणणे मिथ्या आहे, असा स्पष्ट निर्वाळा ते देतात. पुढे मिलिन्दपञ्हात नागसेनांनी हीच आठ कारणे सांगून तोच निष्कर्ष काढला आहे.

कर्मविपाक या यादीत आहे, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु तो आठांतील एक आहे. उरलेल्या कारणांचा शोध वैद्याने घ्यावयाचा, ऋतूकडे पाहून घ्यावयाचा, आणि आघात असेल तर आघात करणाऱ्याकडे पाहून घ्यावयाचा. पाणवठ्यावरून हाकलल्या गेलेल्या माणसाला 'हे तुझ्या गतजन्मीचे फळ' असे शतकानुशतके सांगितले गेले. सीवक सुत्ताच्या कसोटीवर ते निदानच चुकीचे ठरते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1957 साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात, गतजन्मीच्या कर्मावर वर्तमान जीवन ठरते ही कल्पना बुद्धाच्या शिकवणुकीशी विसंगत म्हणून नाकारली. त्या भूमिकेच्या शेजारी हे सुत्त ठेवून वाचावे, अशी विनंती आहे.

दलित साहित्याच्या समीक्षेत 'वेदना, नकार, विद्रोह' ही शब्दत्रयी रूढ झाली. तेथील वेदना दुःखाचीच आहे, आणि ती खरी आहे. तथापि पाली अर्थ जोडून पाहिला तर या त्रयीतील क्रम अधिक उमगतो. वेदना म्हणजे आधी जाणणे. ज्याला आपले दुखणे जाणवते तोच त्याचे कारण विचारतो, आणि कारण पूर्वजन्मात नसून समोर आहे हे कळले की नकार आपोआप येतो.

अनुवादकांनी यास्तव पाली 'वेदना' जशीच्या तशी मराठीत उतरविताना निदान पहिल्या उल्लेखाशी 'अनुभूती' हा अर्थ द्यावा. डॉक्टरांच्या प्रश्नास मात्र आपण नेहमीप्रमाणेच उत्तर द्यावे. तेथे दुखते कोठे, एवढेच सांगावयाचे असते.