सात्या : वारुळावरची अळंबी आणि तिचं कुळ

पावसाळ्यात वारुळाजवळ उगवणाऱ्या अळंबीला विदर्भात सात्या म्हणतात, गोव्यात अळमी, तर जबलपूर-मंडल्याकडे पिहरी. शास्त्रीय नाव टर्मिटोमायसिस, कुळ लायोफायलेसी.

वाळवीशिवाय ही जगत नाही. चघळलेल्या लाकूड-पाल्याचा स्पंजासारखा थर वाळवी जमिनीखाली रचते, त्यावर ही बुरशी वाढवते आणि तीच खाते. चांगला पाऊस झाला की छत्री माती फोडून वर येते. म्हणूनच ती शेतात लावता येत नाही, अन् वारूळच खणून टाकलं तर पुढच्या वर्षी काय मिळणार?

छत्रीच्या मधोमध टणक टोक असतं, देठ मुळासारखा खोल गेलेला, खालचे पापुद्रे पांढरे, मग गुलाबीसर. झांबियातल्या एका जातीची छत्री मीटरभर होते. आपल्याकडे नखाएवढीही एक जात आहे.

याच कुळातली दुधी अळंबी मात्र घरी पिकते. तिची नोंद १९७४ साली पश्चिम बंगालमधून झाली. बटण मशरूमला १५-१८ अंशांचा गारवा लागतो, हिला ३०-३५ अंश मानवतात. तापीकाठच्या उकाड्यात हीच परवडेल.

इतवाऱ्यात कुणी रानातली टोपली आणली, तर आधी देठ पाहा. गवतात, उकिरड्यावर येणारी विषारी क्लोरोफायलमही पांढरी, मोठी असते. पण तिच्या देठाला कडं असतं आणि जून झाल्यावर पापुद्रे हिरवट पडतात. शिजवली म्हणजे भीती गेली असं नाही. खाल्ल्यावर उलट्या-जुलाब लागले तर उरलेली अळंबी सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा.